टार्गेटेड थेरपी: मुंबईत उपचाराला आलेल्या रुग्णांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

परळला रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलताना एक प्रश्न सारखा कानावर येतो: ‘केमो नको, ती नवीन गोळी मिळेल का?’ कुणाच्या पुतण्याने यूट्यूबवर पाहिलेलं असतं, कुणाच्या शेजारच्या काकूंना तिचा गुण आलेला असतो. गोळी खरीच आहे, गुणही खरा आहे. पण ती कोणाला लागू पडेल हे पैशांवर ठरत नाही, ओळखीवर तर नाहीच. ते गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवर ठरतं. त्यामुळे खालची बरीच उत्तरं फिरून त्या तपासणीपाशीच येतात. औषध सुरू करणं, थांबवणं किंवा बदलणं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

टार्गेटेड थेरपी म्हणजे नेमकं काय?

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, पण केसांची मुळं, तोंडाचं अस्तर आणि हाडांतला मगजही तसाच वाढतो. म्हणून केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात.

टार्गेटेड औषध पेशीतल्या एका ठरावीक बिघाडावर काम करतं. पेशीला ‘आता वाढ’, ‘आता थांब’ असा निरोप देणारी प्रथिनं असतात. एखाद्या जनुकात बदल झाला की ‘वाढ’ हा निरोप थांबतच नाही. सोसायटीच्या पाण्याची मोटर टाकी भरून वाहिली तरी चालूच राहावी, तसं. हे औषध नेमकं त्या मोटरचा स्विच बंद करतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर. १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या दोन शास्त्रज्ञांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसल्यामुळे ते तयार होतं. या अदलाबदलीतून जे बिघडलेलं प्रथिन बनतं, त्याला रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पूर्वी सीएमएल म्हटलं की काही वर्षांचंच आयुष्य उरायचं. आज गोळीला चांगला प्रतिसाद देणारा रुग्ण नोकरी करतो, लोकलने जातो-येतो आणि जवळपास इतरांइतकंच जगतो.

गोळी आणि इंजेक्शन यांत फरक काय?

नावाचा शेवट ‘निब’ असेल (इमॅटिनिब, गेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब) तर ती बहुधा पेशीच्या आत शिरून काम करणारी गोळी असते. ‘मॅब’ असेल (ट्रास्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब) तर ते पेशीच्या बाहेरच्या खुणेला चिकटणारं इंजेक्शन असतं, सलाईनमधून किंवा कातडीखाली देतात.

हे औषध चालेल की नाही, कसं कळतं?

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. तो छोटासा मेणाचा चौकोन फाइलमधली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात, त्यावरून कॅन्सर कुठल्या प्रकारचा हे ठरतं. पुढे त्याच ब्लॉकवर आयएचसी, फिश आणि एनजीएस अशा चाचण्या होतात. आयएचसीत पेशीवरची खूण रंगाने दिसते, फिशमध्ये जनुकाच्या प्रती मोजता येतात, आणि एनजीएसमध्ये एकाच वेळी अनेक जनुकं वाचली जातात.

गावाकडून येताना लोक सीटी स्कॅनच्या मोठाल्या फिल्म जपून आणतात आणि ब्लॉक लॅबमध्येच राहतो. मग दादरला उतरल्यावर कळतं, आणि कुणालातरी पुन्हा सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं. निघण्याआधी ज्या लॅबमध्ये बायोप्सी तपासली तिथे अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गॅसजवळ ठेवू नका, मेण वितळतं. आणि मुंबईत एखाद्या लॅबला तो दिलात तर पोच घ्या, काम झाल्यावर परत मागा. पुढे दोन वर्षांनी नवीन औषधाचा प्रश्न आला तर तोच ब्लॉक पुन्हा लागू शकतो.

तुकडा पुरेसा नसेल किंवा गाठ आडवळणाच्या जागी असेल तर रक्तातूनही काही बदल शोधता येतात. त्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. तिच्यात बदल सापडला तर उपयोगच. पण सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं धरून चालत नाही.

रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात म्हणतात. तोवर रोग वाढला तर?

ही भीती अगदी रास्त आहे. तब्येत फार खालावलेली असेल तर डॉक्टर वाट न बघता केमो सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदलतात किंवा जोडतात. पण रिपोर्टआधीच ‘ट्राय करून बघू’ म्हणून महागडी गोळी सुरू करा असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. बिघाड नसलेल्या पेशीवर ती गोळी फारसं काही करत नाही, आणि हातातला वेळ निघून जातो. रिपोर्ट यायच्या आत घर किंवा दागिने गहाण टाकायला निघालेल्या माणसाला मी नेहमी हेच सांगते: आधी कागद येऊ द्या.

आई कधी बिडी-तंबाखूला शिवली नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर. तिला गोळी लागू पडेल का?

शक्यता चांगली आहे. फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारात आपल्याकडे साधारण चारातल्या एका रुग्णाला ईजीएफआर या जनुकात बदल सापडतो. कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त असतं. काही थोड्या रुग्णांमध्ये एएलके किंवा आरओएस-१ या जनुकातला बदल सापडतो. ईजीएफआरसाठी गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ऑसिमर्टिनिब. एएलकेसाठी अ‍ॅलेक्टिनिब, लॉरलॅटिनिब. यांतल्या नव्या गोळ्या मेंदूतही चांगल्या पोचतात. फुप्फुसाचा कॅन्सर डोक्यात जायला वेळ लागत नाही, म्हणून ही फार महत्त्वाची गोष्ट.

म्हणजे केमो सुटली ना?

सीएमएलमध्ये बहुतेक वेळा हो. बाकी ठिकाणी तसं गृहीत धरू नका. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने स्वतःच यावर अभ्यास केला. ईजीएफआर बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३५० रुग्णांपैकी काहींना नुसती गेफिटिनिब दिली आणि काहींना तिच्या जोडीला केमो. नुसत्या गोळीवर रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) ८ महिने होता, जोडउपचारात तो १६ महिने झाला. जोडउपचाराचा त्रास जास्त होता, तोही अभ्यासात नोंदवला आहे. त्यामुळे डॉक्टर ‘गोळी आणि केमो दोन्ही’ म्हणाले तर ते तुम्हाला जुन्या पद्धतीत ढकलत आहेत असं समजू नका. वय, ताकद आणि घरचा आधार पाहून हा निर्णय होतो; तो मोकळेपणाने विचारा.

स्तनाच्या रिपोर्टवर ‘हर-टू २ प्लस’ लिहिलंय. हे चांगलं की वाईट?

हर-टू ही पेशीवरची एक खूण; आयएचसीत ती किती दिसते त्याचे हे आकडे. २ प्लस म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. शून्य आणि १ प्लस म्हणजे निगेटिव्ह, ३ प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. २ प्लस आलं तर फिश चाचणी करून निकाल लावावा लागतो. फिश राहून गेली असेल तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा.

हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे मुख्य औषध. अमेरिकेत ते १९९८ मध्ये आलं, आणि भारतीय कंपन्यांनी बनवलेले त्याचे बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच इंजेक्शनं) २०१४ पासून मिळू लागले. पूर्वी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे जास्त आडदांड रोग असं मानत. या औषधाने ते चित्र पालटलं. ते चालू असताना दर तीन महिन्यांनी हृदयाचा इको करतात. थकवा आहे, पाय सुजलेत, जिना चढताना दम लागतो, असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

२०२२ पासून आणखी एक बदल झाला आहे. ट्रास्टुझुमॅबलाच केमोचा रेणू बांधून तो थेट कॅन्सरच्या पेशीत पोचवणारं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे औषध पसरलेल्या रोगात १ प्लस आणि फिश निगेटिव्ह २ प्लस असलेल्या बायकांनाही उपयोगी पडतं असं दिसलं. म्हणून जुन्या रिपोर्टवरचा आकडा नुसता ‘निगेटिव्ह’ म्हणून सोडून देऊ नका. या औषधाने काहींच्या फुप्फुसाला सूज येते. जुलैच्या पावसात कोरडा खोकला लागला तर तो पावसाळी खोकला म्हणून अंगावर काढायचा नाही, लगेच कळवायचं.

ज्यांचा रोग हार्मोनवर वाढणारा आहे त्यांच्यासाठी पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्या हार्मोनच्या गोळीबरोबर देतात. २०२३ मध्ये पाल्बोसिक्लिबचं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यावर किंमत खूपच खाली आली.

बाबांना तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालाय. त्यांना यातलं काही चालेल?

हा प्रश्न मुंबईत सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर द्यायला मन धजत नाही. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बिघाड एक नसतो, अनेक असतात, आणि एका गोळीने बंद होईल असा एकच स्विच बहुधा सापडत नाही. वेळेत आलेल्या रुग्णासाठी ऑपरेशन आणि गरजेप्रमाणे रेडिएशन (ज्याला आपल्याकडे शेक देणं म्हणतात) हाच मुख्य उपचार आहे. ‘गोळीने बरं होईल, चेहऱ्यावर कापाकापी नको’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका. जबड्याच्या एका टोकाला असलेली गाठ दोन महिन्यांत ऑपरेशनच्या पलीकडे जाऊ शकते.

रोग परतला किंवा पसरला असेल तर मात्र वेगळा मार्ग आहे. टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधं आणि जोडीला निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन अगदी कमी डोसमध्ये, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. हा नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. नुसती तोंडाने घ्यायची औषधं घेणाऱ्यांत वर्षभरानंतर १६ टक्के हयात होते, जोडीला निवोलुमॅब घेणाऱ्यांत ४३ टक्के. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण डोस परवडणं आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे हे ओळखून इथल्याच डॉक्टरांनी काढलेली ही वाट आहे, आणि मला तिचं फार मोल वाटतं.

इम्युनोथेरपी आणि टार्गेटेड एकच का?

नाही. टार्गेटेड औषध कॅन्सरच्या पेशीतला बिघाड धरतं. इम्युनोथेरपी शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींवर लागलेला ब्रेक काढते. ईजीएफआर किंवा एएलके बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये नुसती इम्युनोथेरपी फारशी लागू पडत नाही, म्हणून तिथेही रिपोर्ट आधी.

आणि कार-टी?

ते तिसरंच. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची खूण ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल सेंटर यांनी मिळून विकसित केलेलं नेक्सकार१९ हे भारतातलं पहिलं असं औषध. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं. बी पेशींच्या काही रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, इतर उपचार थकल्यावर ते देतात. फुप्फुस, स्तन, तोंड अशा अवयवांतल्या गाठीच्या कॅन्सरसाठी ते नाही.

गोळी आहे म्हणजे त्रास नसणार?

केस गळणं, पेशी उतरणं कमी. पण त्रास वेगळे असतात. ईजीएफआरच्या गोळीने तोंडावर, छातीवर, पाठीवर मुरमांसारखं पुरळ येतं. ते तारुण्यपीटिका नव्हे, तिची मलमं लावून कातडी आणखी कोरडी पडते. साधं मॉइश्चरायझर पहिल्या दिवसापासून लावा, उन्हात डोक्यावर पदर किंवा टोपी घ्या. बोटांना नखुरडं होतं. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत. जुलाब लागले तर ओआरएस, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घरात आधीच आणून ठेवा. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज आणि पायात गोळे येतात. सोराफेनिब, सुनिटिनिब यांनी तळहात-तळपाय सोलतात, रक्तदाब चढतो.

यातलं बरंचसं डोस थोडा कमी करून किंवा काही दिवस थांबवून आटोक्यात येतं. ते डॉक्टरांनी करायचं. त्रास लपवून गोळी परस्पर एक दिवसाआड घेणं हे सगळ्यात घातक. डॉक्टरांना वाटतं औषध काम करत नाही आणि ते बदललं जातं.

उपवास, अ‍ॅसिडिटीची गोळी, काढा... काय चालतं?

इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ होते, म्हणून संकष्टीला किंवा नवरात्रात तिची वेळ काय ठेवायची ते आधी विचारा. याउलट एर्लोटिनिब, लॅपॅटिनिब, निलोटिनिब रिकाम्या पोटीच. पाकिटावर मराठीत वेळ लिहून घेतलेली बरी.

पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या आपल्याकडे चण्याफुटाण्यासारख्या घेतल्या जातात. गेफिटिनिब, एर्लोटिनिब आणि डॅसॅटिनिब यांना आम्ल लागतं. ते नसेल तर औषध नीट शोषलंच जात नाही. पित्ताची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना नावानिशी सांगा. श्रावण-भाद्रपदात बाजारात येणारं पपनसही टाळा. ग्रेपफ्रूटसारखंच ते काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.

काढ्यांबद्दल कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण यातल्या बऱ्याच गोळ्या यकृतातून जातात. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेपही घेतला होता. वाद काही असो, गोळी चालू असताना एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) बिघडली तर दोष गोळीचा की काढ्याचा हे कुणालाच सांगता येत नाही. फोडणीतली हळद खुशाल खा, हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत.

बरं वाटतंय, आता बंद करू?

नाही. सीएमएलमध्ये अनेक वर्षं अगदी खोलवर प्रतिसाद टिकलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवतात, पण त्यानंतर रोग परत डोकं काढतोय का हे बघायला रक्ताची पीसीआर तपासणी वारंवार होते, आणि साधारण निम्म्या जणांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते. स्वतःहून बंद करणं ही वेगळी गोष्ट आहे.

दीड वर्ष छान चाललं, आता स्कॅनमध्ये वाढ दिसते. असं का?

कॅन्सरच्या पेशी नवीन बदल करून औषधाला चुकवायला शिकतात. गेफिटिनिबवर असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत टी७९०एम हा बदल येतो आणि ऑसिमर्टिनिब त्यावर चालते. म्हणून पुन्हा बायोप्सी किंवा रक्ताची तपासणी सांगतात. ‘परत सुई टोचायची?’ म्हणून रुग्ण कंटाळतो, त्याला हे कारण समजावून सांगा. केरास हे जनुक तर चाळीसेक वर्षं कुठल्याच औषधाला दाद देत नव्हतं. २०२१ मध्ये त्याच्या जी१२सी या एका प्रकारावर सोटोरासिब आलं.

खर्च किती आणि मदत कुठून?

औषधागणिक जमीन-अस्मानाचा फरक आहे. इमॅटिनिब, गेफिटिनिबच्या भारतीय गोळ्या महिन्याला काही हजारांत बसतात. पेटंट असलेल्या नव्या गोळ्या लाखाच्या घरात जातात.

स्वस्त गोळ्या आपोआप आल्या नाहीत. इमॅटिनिबच्या पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारलं. त्याआधी मार्च २०१२ मध्ये मुंबईतूनच पेटंट नियंत्रकांनी सोराफेनिब बनवण्याचा सक्तीचा परवाना (पेटंटवाल्या कंपनीची संमती नसली तरी दिला जाणारा) एका भारतीय कंपनीला दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं औषध ८,८८० रुपयांवर आलं. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवरच्या नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, ऑसिमर्टिनिब आणि ड्युरव्हॅल्युमॅब यांवरचं आयात शुल्क माफ झालं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्टच्या प्रती घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण प्रत्येक टार्गेटेड औषध त्यात बसत नाही. तुमचं बसतं का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या माणसाला, औषधाच्या नावाने विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टचे अर्ज तिथूनच भरता येतात. महाग गोळ्यांच्या कंपन्यांच्या मदत योजना असतात, ठरावीक महिने विकत घेतले की पुढचे मोफत, अशा. त्यात डॉक्टरांची सही लागते, म्हणून पहिली स्ट्रिप घ्यायच्या आधीच विचारा. नंतर नोंदणी केली तर आधी घेतलेली औषधं धरत नाहीत, असं होतं.

एकजण निम्म्या किमतीत आणून देतो म्हणतो.

घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मिळवून त्यात भलतंच भरून विकणारी टोळी पकडली. बिल घ्या, बिलावरचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळवा, आणि इंजेक्शन दिल्यावर बाटलीचं लेबल फाडायला सांगा.

हे घरात पुढच्या पिढीला येतं का?

ईजीएफआरसारखे बदल बहुधा फक्त गाठीत असतात, मुलांना जात नाहीत. ब्राका या जनुकातला बदल वेगळा. तो रक्तातच, म्हणजे जन्मापासूनच असेल तर बहीण, मुलगी, भाऊ यांनाही तपासून घ्यावं लागतं. स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ब्राका सापडलं तर ओलापॅरिबसारखी गोळी रुग्णाला उपयोगी पडू शकते, त्यामुळे ही तपासणी आजच्या आईसाठीही आहे आणि उद्याच्या लेकीसाठीही. आधी जेनेटिक समुपदेशन घ्या.

राहायचं कुठे, जायचं-यायचं कसं?

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन इथे रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि रांग असते, पहिल्याच दिवशी नाव लावा. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं. फाइल आणि ओळखपत्र हातात ठेवा, कुणी उठवू पाहिलं तर दाखवा. लांबच्या रेल्वे प्रवासात रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो.

गोळी घेऊन गावी परत गेल्यावर?

तिथल्या एका डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस आणि कधी फोन करायचा ते लिहून द्या. ताप १०१ च्या वर, दिवसातून चारपेक्षा जास्त जुलाब, नवा खोकला किंवा दम, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी मुंबईच्या ओपीडीला कळवा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पुढच्या मागवून ठेवा. गणपतीत आणि दिवाळीत कुरिअर हमखास अडकतं.